मागचा काळा पडदा

माझे फोटो पाहणारा दर दुसरा माणूस विचारतो, "मागे काळा पडदा कुठला लावता? मखमलीचा का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: पडदा नाहीच. मागे आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघराची पिस्ता रंगाची भिंत आहे आणि तिच्यावर कालनिर्णय टांगलेलं आहे.

ती काळी दिसते ती अंतरामुळे. स्टूल खिडकीला जवळजवळ चिकटवायचं, त्यावर पाट, पाटावर लसणाचा गड्डा किंवा जे काही असेल ते. भिंत तिथून सात-आठ फूट लांब. लहान दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई उरतो. खिडकी म्हणजे लहान दिवा नव्हे, तिला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही. म्हणून मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा लावून ती झाकते, हातभर फट तेवढी ठेवते. लसूण उजळतो, भिंत अंधारात जाते. कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे आत किती उजेड घ्यायचा ते, लसणाचं धरलं की कालनिर्णयाची तारीखसुद्धा दिसत नाही. फट लहान केल्याने सावल्या मात्र कडक होतात, मग फटीवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा.

पहिलं वर्षभर मी याच्या उलट करत होते. उजेड कमी पडतो म्हणून ट्यूबलाइट लाव, टेबललॅम्प आण, वर मोबाइलचा टॉर्च. खिडकीकडची बाजू निळसर, लॅम्पकडची पिवळी, आणि वांगं बिचारं आजारी दिसायचं. आता सगळे दिवे बंद. आयएसओ १००, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता कमी; एफ/८, म्हणजे लेन्सचं भोक लहानसं; आणि शटर, उजेड आत सोडणारी कॅमेऱ्याची झडप, दोन सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही. वांगं कुठे पळून जाणार आहे? ट्रायपॉड हवा, टायमर लावायचा. शेजारी ओट्यावर मिक्सर चालू नको, हे शिकायला मला नारळाच्या चटणीचे तीन दिवस लागले.

खरा छळ पितळेने केला. सासूबाईंचा तांब्या चिंचेने घासून लख्ख केला, हौसेने फोटो काढला, तर त्याच्या पोटात मी, ट्रायपॉड, गॅसचा सिलिंडर, सगळं घर! पितळेचा फोटो म्हणजे पितळेला जे दिसतं त्याचा फोटो, हे तेव्हा कळलं. मग तांब्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू केला आणि लेन्सपुरतं भोक ठेवलं. सिलिंडर गेला, पण तांब्याची गोलाईही गेली, नुसता पिवळा डाग उरला. दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या केल्यावर कडांना काळी रेघ आली आणि तांब्या परत गोल झाला. इतकं समाधान मला बढतीच्या पत्रानेही दिलं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी काम भागवणारी मी काही पहिली नाही. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली ढोबळ्या मिरचीचा जगप्रसिद्ध फोटो काढला, तेव्हा ती पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या पत्र्यावरून उजेड चहूबाजूंनी मिरचीवर पडत होता आणि शटर काही मिनिटं उघडं ठेवावं लागत होतं. हे वाचून मी माळ्यावरून रॉकेलचं जुनं नरसाळं काढलं. माझी मिरची मिरचीसारखीच दिसली. वेस्टनची एखाद्या पैलवानाच्या पाठीसारखी दिसते. मंडईत मिरची निवडायलाच तो माझ्यापेक्षा जास्त वेळ देत असणार.

बाकी सामान विचाराल तर थर्माकोलचा एक तुकडा, सावलीच्या बाजूला उभा करायला. लसणाच्या अंधाऱ्या अंगाला थोडा उजेड परत मिळतो. फार जवळ आणला तर गड्डा चपटा दिसतो. कॅमेरा जुना आहे, फोननेही यातलं बरंच जमतं, म्हणून त्यावर बोलत नाही. पावसाळ्यात ढग सरकले की दर फोटोला एक्स्पोजर बदलावं लागतं, आणि साडेदहाला ओट्याकडून सासूबाईंची हाक येते, "झालं असेल तर तो लसूण दे गं, फोडणी जळतेय."

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचं ठरलं. रंगवाला शेडकार्ड घेऊन बसला होता. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुझ्या त्या फोटोंसाठी स्वयंपाकघराला काळा द्यायचाय का गं?"

म्हटलं, "आई, तुम्हाला आवडेल तो द्या."

आता भिंत आंबा रंगाची आहे. लसणामागे अजून काळीच दिसते.