अण्णांच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ

अण्णांनी ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. जतच्या भरलेल्या गाडीत तिकिटं फाडत, पंच वाजवत ते पुढून मागं जायचे. सुटे नसले की राहिलेले पैसे तिकिटाच्या मागं लिहून द्यायचे. पण माणूस उतरायला उठला की त्यानं तिकीट दाखवायच्या आधीच अण्णांच्या हातात त्याचे पैसे तयार असायचे. लहानपणी मी हे कितीदा बघितलंय.

गेल्या दिवाळीत मिरजेच्या मार्केटात अण्णांनी कोथिंबिरीसाठी ५० ची नोट दिली आणि परत आलेले पैसे हातात धरून उभे राहिले. हिशेब येत नव्हता असं नाही, यायला वेळ लागत होता. मागं लोक थांबलेले. मी घाईनं म्हणाले, "पस्तीस, अण्णा, पस्तीस!" ते काही बोलले नाहीत, पिशवी उचलून चालू लागले. चालही बदलली होती. पावलं आखूड पडत होती, चप्पल फरशीला घासत होती. माझ्या त्या आवाजाचं मला आजही वाईट वाटतं.

आम्हाला वाटलं, विसरभोळेपणा सुरू झाला. एमआरआय काढला. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: वयोमानानुसार इस्केमिक बदल (म्हणजे रक्त कमी पोचल्यानं झालेले), फझेकास ग्रेड २. ज्या डॉक्टरांनी तो आधी बघितला त्यांनी सांगितलं, "७२ वय आहे, एवढं असायचंच." आम्ही फाईल कपाटात ठेवली. तीन महिने ती तिथंच होती.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र फिल्म उजेडाला लावून अर्धा तास समजावलं. मेंदूत खोलवर जाणाऱ्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक असतात, अण्णांचा आजार त्यांचाच. एमआरआयवर त्या स्वतः दिसत नाहीत, त्यांनी मागं ठेवलेल्या खुणा तेवढ्या दिसतात. फ्लेअर नावाच्या चित्रात मेंदूच्या पोकळ्यांभोवती पांढरे डाग होते. सुटे ठिपके असले तर ग्रेड १, ते एकमेकांना मिळू लागले की २, मोठे पट्टे झाले की ३. ही मोजणी १९८७ मध्ये ऑस्ट्रियातल्या फ्रान्झ फझेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. उजव्या बाजूला खोल एक छोटा खड्डा होता, पाण्यानं भरलेला. त्याला लॅक्यून म्हणतात. असे खड्डे साधारण ३ ते १५ मिलिमीटरचे असतात. अण्णांना तो कधी झाला हे कुणालाच कळलं नव्हतं, ना तोंड वाकडं झालं, ना हात लुळा पडला.

अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पाटाच्या शेवटच्या रानाला पाणी पोचंना झालंय." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच."

डाग पडतात ते मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारांवर. म्हणून आधी आठवण जात नाही, वेग जातो. बाईंनी कागदावर आकडे आणि अक्षरं विखरून दिली आणि एक आकडा, एक अक्षर अशा क्रमानं रेघ जोडायला सांगितली. अण्णांनी तीनदा चुकून, थांबून ती जोडली. पण पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले, तर चार बरोबर सांगितले. मला तिथंच रडू आलं. मार्केटातही ते विसरले नव्हते, उत्तराकडं चालत निघाले होते, आणि मी मध्येच ओरडले.

आणखी एका चित्रात तीन काळे ठिपके होते, अगदी बारीक रक्तस्रावांच्या जुन्या खुणा. ते खोल भागात होते, म्हणजे बहुतेक बीपीचं काम. हेच ठिपके मेंदूच्या कडेच्या भागातच असते तर बाईंनी वेगळा विचार केला असता, वाहिन्यांच्या भिंतीत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा. ठिपके बघून त्यांनी गोळ्यांची पिशवी उपडी करायला सांगितली. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अण्णा रक्त पातळ व्हायची गोळी रोज घेत होते. पक्षाघात नाही, हृदयाचा त्रास नाही, तर ही कशाला, म्हणून ती त्यांनी बंद केली. (आपल्या माणसाची गोळी अशी मनानं सुरू किंवा बंद मात्र कुणी करू नका.) आणि जी हवी होती ती बीपीची गोळी पिशवीत नव्हतीच. "बरं वाटतंय" म्हणून अण्णांनी ती दोन वर्षांपूर्वी सोडली होती. आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.

पडलेले डाग औषधानं पुसता येत नाहीत, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. पण वाढ रोखण्यात बीपीचा वाटा मोठा. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ९,००० हून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण कमी जणांत दिसली, पांढरे डागही कमी वाढले. स्मृतिभ्रंश टळतो का, हे त्यातून ठाम सिद्ध झालं नाही. अण्णांना उठताना चक्कर येते, म्हणून त्यांच्यासाठी १३० च्या आत एवढंच ठरलं. तंबाखूची डबी त्यांनी बाईंच्या टेबलावरच ठेवली. जेवणात वरून मीठ नाही, खर्डा आठवड्यातून एकदाच. संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो, त्यांच्या वेगानं.

बीपीची वही मी आणली होती, रकाने मात्र अण्णांनीच आखले: तारीख, वेळ, वरचा, खालचा, शेरा. अगदी वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदासारखे. काल सकाळी त्यांनी सावकाश लिहिलं, १२८, ७६. मग दोन्ही आकडे मशीनशी पुन्हा ताडून बघितले आणि खाली सही केली.