भाव टच झाला तरी माझी ऑर्डर काही भरेना (माझा अनुभव)

अकाउंट उघडणं, पैसे ट्रान्सफर करणं हे सगळं पटापट झालं. डोकं फिरलं ते शेअर खरेदी करताना.

पहिल्यांदा सरळ मार्केट ऑर्डर मारली, म्हणजे मिळेल त्या भावाला लगेच घे. स्क्रीनवर भाव २४०, घेतले ५०० शेअर, आणि सरासरी पडली २४३.६९! वाटलं ब्रोकरनेच मधे खाल्ले. ट्रेड बुक (झालेल्या सौद्यांची यादी) उघडलं तर एकाच ऑर्डरचे तीन तुकडे, ६० शेअर २४१.५० ला, १५० शेअर २४३ ला आणि उरलेले २९० चक्क २४४.५० ला. २४० हा शेवटच्या सौद्याचा भाव होता, त्या भावाला विकायला कोणी उभंच नव्हतं. म्हणजे १८४५ जास्तीचे गेले, आणि ब्रोकरेज (ब्रोकरची दलाली) कुठे कमी पडतं हे मी आठवडाभर शोधत होतो.

पुढच्या वेळी शहाणा झालो, लिमिट लावली, म्हणजे या भावाच्या वर घेऊ नको. घेणारे २३९.५० ला, विकणारे २४१ ला, मी २३९.५० ला ऑर्डर टाकून बसलो. थोड्या वेळात भाव २३९.५० ला टच, सौदे होतायत, आणि माझी ऑर्डर पेंडिंग. परत टच, परत पेंडिंग. दोन दिवस हेच चाललं होतं. कस्टमर केअरला फोन केला, वीस मिनिटं ते म्युझिक ऐकलं आणि उत्तर काय, तर "सर, तुमची ऑर्डर पेंडिंग दिसतेय". अहो ते मलाही दिसतंय ना!

चूक माझीच होती पण हे त्यांनी एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? एकाच भावाच्या ऑर्डरींची रांग असते, आधी आला त्याचा नंबर आधी. आणि मी काय करत होतो, विक्री वाढल्यासारखी वाटली की लोभाने २३९.३० करायचं, हातचं जाईल वाटलं की परत २३९.५०, मधेच ५०० चे ६०० केले. प्रत्येक वेळी रांगेच्या शेपटाला. भाव बदलला किंवा संख्या वाढवली की नंबर जातो, संख्या कमी केली तर बहुतेक ठिकाणी राहतो. तिसऱ्या दिवशी सकाळीच ५०० ची ऑर्डर टाकली आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून आलो.

हां, बाजार उघडल्यावरची पहिली काही मिनिटं मी आता हात लावत नाही, बिड-आस्कमधलं (घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातलं) अंतर तेव्हा फार असतं. शेअर आत्ताच हवा असेल तर लिमिटच टाका पण समोरच्या विकणाऱ्याच्या भावाला, म्हणजे २४१ ला. मिळतील तेवढे लगेच मिळतात, वर २४४ ला कोणी फरफटत नेत नाही. भरपूर उलाढालीच्या शेअरमधे, थोडेच घ्यायचे असतील, तर एवढी यातायात नको, तिथे अंतर रुपयांत नाही, काही पैशांचंच असतं. आणि स्टॉप लॉस (भाव ठरलेल्या पातळीला पडला की तोटा थांबवायला विकायची ऑर्डर) मार्केट प्रकारचा असेल तर ट्रिगर झाल्यावर, म्हणजे तो भाव आला की, तीही मार्केट ऑर्डरच होते, घसरणीत माझ्यासारखेच तीन तुकडे होतील. लिमिटवाला लावला तर उलटी भीती, भाव खाली निघून जाईल आणि विक्रीच होणार नाही.

त्या तिसऱ्या दिवशी ४६० शेअर आले २३९.५० ला. उरलेले ४० बाजार बंद होताना आपोआप कॅन्सल, ऑर्डर फक्त त्या दिवसापुरती होती. दुसऱ्या दिवशी ४० साठी नवी ऑर्डर, वेगळं ब्रोकरेज, आणि रांगेत परत शेवटून पहिला.