क्यूबमधली चीटिंग: स्टिकर, खोलणं आणि अ‍ॅप

रुबिक्स क्यूबवर चीटिंग करायच्या तीन पद्धती सगळ्यांना माहितीयेत, स्टिकर काढून परत चिकटवायचे, क्यूब खोलून तुकडे हवे तसे बसवायचे, नाहीतर मोबाईलच्या अ‍ॅपला सहाही बाजू दाखवायच्या आणि ते सांगेल तसं फिरवत बसायचं. लोक तिन्हीला एकाच माळेत ओवतात, मला ते पटत नाही.

स्टिकरवाली पद्धत सगळ्यात वाईट, कारण त्यात क्यूबचीच वाट लागते. पांढऱ्याच्या समोर पिवळा असतो, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर केशरी, म्हणजे पांढरा आणि पिवळा एकाच तुकड्यावर कधीच येत नाहीत. पोरांनी अर्धवट चार स्टिकर हलवले की असा अशक्य तुकडा तयार होतो आणि मग कितीही हुशार माणूस असू दे, फिरवून तो क्यूब लागणारच नाही. कोणी जुना क्यूब हातात दिला तर मी आधी हेच बघते. आता स्टिकर नसलेले, प्लास्टिकच रंगीत असलेले क्यूब मिळतात, तेच घ्या.

खोलणं मात्र मी चीटिंग मानतच नाही, उलट नवीन शिकणाऱ्याने एकदा तरी खोलावा असं माझं मत आहे. वरचा थर अर्धवट फिरवा, कडेचा एक तुकडा अंगठ्याने उचला, बाकीचे आपोआप सुटतात. आत दिसतं की मधले सहा तुकडे एकाच गाभ्याला जोडलेत, ते जागा सोडत नाहीत, म्हणून बाजूचा रंग मधला तुकडा ठरवतो. एवढं डोळ्यांनी बघितलं ना की निम्मा क्यूब समजतो! एर्नो रुबिकने 1974 मध्ये बुडापेस्टला हेच तर केलं, तुकडे सुटे न होता फिरतील कसे ते शोधलं, आणि मग स्वतःचाच क्यूब लावायला त्याला महिन्याभराच्या वर लागला.

पण परत जोडताना सगळ्या बाजूंचे रंग जुळवूनच जोडा, हे फार महत्त्वाचं. कसेही बसवले तर 12 पैकी एकदाच क्यूब फिरवून लागण्यासारखा निघतो. कारण फिरवून एकटा कोपरा कधी पिळत नाही, कडेचा एकटा तुकडा उलटत नाही आणि फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल होत नाही, प्रत्येक वेळी सोबत आणखी तुकडेही बदलतात. कोपऱ्याच्या 3 शक्यता, कडेच्या 2, अदलाबदलीच्या 2, गुणाकार 12. शेवटच्या थरात पिवळा प्लस (मधल्याभोवती कडेचे चारही तुकडे पिवळे) करताना कडेचे एक किंवा तीनच तुकडे बरोबर दिसले (0, 2 किंवा 4 च दिसायला हवेत) तर फॉर्म्युला (पाठ केलेल्या चालींचा क्रम) चुकलेला नाही, कोणीतरी क्यूब चुकीचा जोडलाय. कितीतरी मुलं इथे अडकतात आणि आपल्यालाच जमत नाही म्हणून क्यूब सोडून देतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

अ‍ॅपचं म्हणाल तर कुठलाही क्यूब जास्तीत जास्त 20 चालींत लागतो हे 2010 मध्ये कॉम्प्युटरने सिद्ध झालंय, आणि अ‍ॅप साधारण तितक्याच चाली देतं, पण त्यातलं आपल्याला काही कळत नाही, शेवटच्या काही चालींपर्यंत एकही बाजू लागताना दिसत नाही. थराथराने लावताना शंभरच्या वर चाली जातील, जाऊ देत, प्रत्येक टप्पा आपला असतो. यूट्यूबवरून फॉर्म्युले पाठ करणं पण चीटिंग नाहीच. उजवी बाजू वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची उजवीकडे, हे लावलेल्या क्यूबवर सलग सहा वेळा करून बघा, क्यूब जसाच्या तसा परत येतो, आणि तिथून मुलं स्वतःच विचारायला लागतात की असं का.

स्पर्धेतही हा फरक करतात. कमीत कमी चालींच्या प्रकारात एक तास मिळतो, पण दिलेला स्क्रॅम्बल (क्यूब बिघडवायच्या चाली) उलटा लिहून दिला तर उत्तर बाद. आणि वेळेच्या स्पर्धेत एकच कोपरा पिळला गेला असेल तर तो जागच्या जागी हाताने सरळ करायला परवानगी आहे, फक्त घड्याळ थांबत नाही. घरी पण तेच करा, एक कोपरा वाकडा राहिला म्हणून अख्खा क्यूब परत लावू नका.