पद्मिनीची नोंदवही : लांबीखाली सापडलेला मीटर

माझ्याकडील 1979 सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या कामाची ही चौथी नोंद आहे. इंजिनाचे काम मागच्या नोंदीत संपले होते. या वेळी पत्र्याला हात घातला, आणि जे दोन आठवड्यांत उरकेल असे वाटले होते त्याने अडीच महिने खाल्ले.

उशिराचे कारण डाव्या बाजूचा पुढचा मडगार्ड. बाहेरून तोच सर्वांत गुळगुळीत दिसत होता, आणि खरे तर तेव्हाच संशय यायला हवा होता. घासायला घेतल्यावर फिकट निळ्या रंगाखाली जवळजवळ चार मिलिमीटर जाडीची लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायचा लगदा, निघाली, लांबीखाली काळा रंग निघाला आणि त्या काळ्या पत्र्यात, काचेच्या बाजूला, पितळेचा डाग देऊन बुजवलेली चार भोके दिसली. बाकीची गाडी कारखान्यातूनच निळी आलेली आहे, हे दरवाजांच्या आतल्या कडांवरून कळते. आमच्या मिस्त्रींनी भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, इथं मीटर होता." मुंबईच्या टॅक्सीचा जुना यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला बसवलेला असे, हे ज्यांनी त्यात प्रवास केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. काळी गाडी खासगीही असू शकते, असा वाद मी घातला. पण भोकांपुढे तो टिकला नाही.

टॅक्सीचा मडगार्ड घरगुती गाडीला इतका चपखल कसा बसला, याचे उत्तर या गाडीच्या इतिहासातच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात आणि पुढे तिथे फियाट आली. 1953 मध्ये सादर झालेल्या, दान्ते जाकोसा यांच्या आराखड्यावरील फियाट 1100-103 ला आपल्याकडे लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे पुढच्या कडेने उघडत. 1964 पासून कुर्ल्यात 1100 डिलाइट तयार होऊ लागली आणि आपल्या डोळ्यांपुढे येणारा मागच्या पंखांचा, चौकोनी बांध्याचा आकार तो हाच. परदेशी कंपनीशी असलेला करार संपल्यावर, 1974 च्या सुमारास, तिचे नाव आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि लगेच 'प्रीमियर पद्मिनी' झाले. तरी रस्त्यावर तिला फियाटच म्हणत राहिले.

डिलाइट ज्या इटालियन गाडीवरून घेतली, ती मूळ 1100 डी फक्त 1962 ते 1966 एवढीच चालली. तिच्या जागी आलेल्या 1100 आर ला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले आणि 1969 मध्ये तीही बंद झाली. कुर्ल्यात मात्र तोच सांगाडा, तेच 1089 सीसीचे इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक हा संच 2000 सालाच्या आसपासपर्यंत टिकला. परवाना राजात, म्हणजे उत्पादनावर सरकारी परवान्यांचे नियंत्रण असतानाच्या काळात, ग्राहकापुढे अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड याच तीन गाड्या होत्या आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. रांग एवढी लांब असल्यावर आकार बदलण्याचा खर्च कोण करणार? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली तेव्हा हे समीकरण मोडले, पण साचे तेच राहिले. म्हणून पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने बनलेले भाग आजही एकमेकांना बसतात. आपल्यासारख्यांना हे वरदान आहे, आणि 'माझी गाडी पूर्णपणे मूळ आहे' असे छातीठोक सांगणाऱ्याच्या बाबतीत मात्र मी थोडा साशंक असतो.

बाकीचे काम थोडक्यात. फुटबोर्ड दोन्ही बाजूंनी सडले होते, कारण रबरी मॅटखाली साचलेल्या पाण्याला वाटच नव्हती. जुनी लांबी भरणाऱ्या गॅरेजने गंज न काढताच वर थर चढवला होता. नव्याने पत्रा कापून वेल्डिंग केले आणि आतून गंजरोधक रंग मारला. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरचे झिजलेले बुश बदलल्याने दुसरा गिअर आता अडकत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअरचे दाते जुळवून घेणारी रचना, नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, ही सवय मात्र मुलाला अजून लावायची आहे. चालत्या गाडीत त्याने तो टाकला की जो आवाज होतो, तो ऐकून मिस्त्री गॅरेजमधून उठून बाहेर येतात.

मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओमध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर तीही रस्त्यावरून गेली. मडगार्ड बदलून निळ्या गाडीचा शोधावा, असे दोन मित्रांनी सुचवले. मी तोच ठेवला. वरून निळा रंग चढला आहे, पण आतल्या बाजूने पितळेचे ते चार ठिपके घासून स्वच्छ केले आणि त्यांवर फक्त लाखेचा हात दिला आहे. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर ते दिसतात.