सह्या गणपतीतच मिळणार

आजचा अख्खा दिवस कागदांतच गेला. जंगलाला प्रमाणपत्र हवं तर आधी हक्क दाखवा. रत्नागिरीत बहुतेक रान खाजगी, सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मी मुंबईला. सह्या गणपतीत नाहीतर शिमग्याला! एफएससीचं (जंगल नीट राखण्याचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र ५ वर्षांचं, तपासणी मात्र दरवर्षी. खर्च वाटून घ्यायला गट करावा, तर एकाच्या चोरट्या तोडीने सगळ्यांचं अडतं.

हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड (रानातून गोळा केलेल्या मालासाठीचं प्रमाणपत्र) जास्त जवळचं: झाडं मोजा, किती फळं झाडावर सोडली ते लिहा. घात होतो तो खळ्यात. शेजारच्या रानातली फळं त्याच ताडपत्रीवर वाळली, पोत्यावर गाव-तारखेची चिठ्ठी नसली, की माल प्रमाणित म्हणून विकता येत नाही. स्थानिक व्यापारी तर चिठ्ठी वाचतच नाही; तो फळ हलवून खडखडतंय का तेवढं बघतो.