भाडं थांबलं आणि व्हॉट्सॲप गेलं

तासगावच्या एका बेदाणा निर्यातदारांचं व्हॉट्सॲप अचानक बंद पडलं. हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही, एवढीच सूचना. लहान धंद्यांचे ईमेल, खाती, फोन सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे पहिला प्रश्न विचारला: नंबर कुणाच्या नावावर आहे? उत्तर कुणाकडेच नव्हतं. अमेरिका-कॅनडाच्या +1 ने सुरू होणारा, सिम नसलेला तो इंटरनेटवरचा (व्हर्च्युअल) नंबर परदेशी गिऱ्हाइकाला बरा दिसतो म्हणून मुलाने एका साइटवरून महिन्याच्या भाड्याने घेतला होता. व्हॉट्सॲपचा पडताळणीचा कोड आला, खातं सुरू झालं आणि भाडं भरणं थांबलं.

कोड एकदाच लागतो, या समजुतीने घात केला. भाडं थकलं की नंबर साइटच्या साठ्यात परत जातो आणि पुढच्याला मिळतो. त्याने त्यावर व्हॉट्सॲप उघडलं, कोड त्याच्याकडे गेला, इकडचा फोन बाहेर. यात हॅकिंग कसलंच नाही.

‘पुन्हा कोड पाठवा’ दाबू नका म्हटलं. कोड तिकडेच जाणार आणि दर वेळी थांबायची मुदत वाढत जाणार. त्याआधी दुबईच्या खरेदीदारांना साधा फोन लावायला सांगितलं: या नंबरवरून ‘बँक खातं बदललंय’ असं आलं तर पैसे पाठवू नका. नव्या माणसाला जुने संदेश दिसत नाहीत, पण या नंबरवर येणारे नवे संदेश आणि गटांतली पुढची बोलणी त्याला मिळतात. सहा अंकी टू-स्टेप पिन (नंबर नव्या फोनवर नोंदवताना कोडशिवाय विचारला जाणारा, आपणच ठरवलेला आकडा) लावलेला असता, तर त्याला सात दिवस तरी अडकवता आलं असतं.

मग जे अजून चालू होतं त्याकडे वळलो. टेलिग्राम त्याच नंबरवर, पण फोनवर उघडं होतं. तिथे लॉगिनचा कोड सहसा आधी चालू उपकरणावर येतो, म्हणून लॉगआउट अजिबात करायचं नाही. सेटिंग्जमधून नंबर बदलला, कोड फक्त नव्या सिमवर आला, लगेच पासवर्डही लावला. व्हॉट्सॲपमध्येही ‘नंबर बदला’ अशीच सोय आहे, पण खातं हातात असेपर्यंतच. ईमेलचं खातं परत मिळवायच्या (रिकव्हरीच्या) सोयीतून तो नंबर काढला आणि ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचे कोड बनवणारं ॲप, बसवलं. त्याचा कोड फोनमध्येच तयार होतो, दर 30 सेकंदांनी बदलतो, नंबरशी त्याचा संबंध नाही. फोन हरवला तर लागणारे बॅकअप कोड कागदावर छापून तिजोरीत.

मुलाचं म्हणणं, दुसरा व्हर्च्युअल नंबर घेऊ. पण अनेक सेवा कोड पाठवण्याआधी नंबर मोबाइलचा, लँडलाइनचा की इंटरनेटवरचा हे तपासतात आणि इंटरनेटवरचा असेल तर नाकारतात. शॉर्टकोडवरून, म्हणजे कंपन्यांच्या पाच-सहा अंकी छोट्या नंबरावरून, सुटलेले एसएमएस अशा नंबरांवर बऱ्याचदा पोचतच नाहीत. पोचले तरी आधीच्या कुणीतरी त्याच नंबरवर खातं काढलेलं निघतं. फुकटच्या साइटवर तर कोड सगळ्या जगाला दिसतो. अमेरिकेतली गूगलची इंटरनेट नंबरांची सेवा, गूगल व्हॉइस, तीसुद्धा तीन महिने न वापरलेला नंबर परत घेऊ शकते. यूपीआयला तर येणारा कोड पुरतच नाही, फोनमधल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो.

शेवटी ऑफिसच्या लँडलाइनवर व्हॉट्सॲप बिझनेस चालू केलं. एसएमएस येणार नाही हे धरून ‘कॉल करा’ निवडायचं. यंत्राचा आवाज अंक सांगतो. पहिला कॉल ‘विक्रीसाठी एक दाबा’वाल्या यंत्राने उचलला आणि कोड वाया गेला. ते बंद करून, हातात रिसीव्हर घेऊन बसल्यावर जमलं. पिन तिथल्या तिथे लावला. टेलिग्रामचं नवं सिम मालकांच्या नावावर आहे. ते महिनोन्‌महिने वापरलं नाही तर कंपनी बंद करू शकते. 90 दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड सिम चालू ठेवायला निदान 20 रुपये शिल्लक लागते, तेही हिशेबनिसांना लिहून दिलं.

गटांची निस्तरानिस्तर मात्र किचकट झाली. जिथे दुसरा ॲडमिन होता तिथे त्याने जुना नंबर काढला. दोन गटांत तोच नंबर एकटा ॲडमिन होता, तिथल्या प्रत्येकाला वेगळा निरोप देऊन नवे गट काढावे लागले.