भट्टी चालू, ओतकाम बंद
सकाळी साडेनऊला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा फोन आला. "अहो, आपली वेबसाइट उघडंना झालीय. दुपारी एक पार्टी बघणार आहे."

मी उघडून पाहिली. कोऱ्या पानावर एकच ओळ: '509 बँडविड्थ लिमिट एक्सीडेड'. म्हणजे होस्टिंगवाल्याने महिन्याला ठरवून दिलेला डेटा संपला. महिन्याचा 10 जीबीचा कोटा आणि तारीख फक्त 17.

साइट मीच केलेली. आठ पानं, पंचवीस-तीस फोटो, एक कॅटलॉग. म्हणून पहिला संशय स्वतःवरच घेतला: एखादा फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवला असणार. हिशोब साधा असतो. 4 एमबीचं पान हजार वेळा उघडलं की 4 जीबी गेले. पण फोटो सगळे 200 केबीच्या आतले निघाले. दुसऱ्या कुणी आपल्या साइटवर आमचा फोटो थेट जोडला असेल, तर फोटो त्यांच्या पानावर दिसतो आणि मीटर आमचं फिरतं. तेही ऑस्टॅट्समध्ये, म्हणजे साइटच्या भेटींची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तपासलं. तसंही काही नव्हतं. वेबसाइटने सगळे मिळून 900 एमबी खाल्लेले.

अर्धा तास मी तेच आकडे उलटसुलट बघत बसलो. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनलमध्ये, बँडविड्थच्या पानावर एचटीटीपी (वेबसाइट), एफटीपी (फाइली), आयमॅप, पॉप3, एसएमटीपी (हे तिन्ही मेलचे) असे वेगवेगळे आकडे असतात, आणि मी पहिल्यावरच थांबलो होतो. पॉप3 समोर, म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या खात्यात, होते 8.8 जीबी. बहुतेकांना वाटतं बँडविड्थ म्हणजे वेबसाइटला येणारी माणसं. मेलही त्याच खात्यात मोजला जातो, हे मला माहीत होतं. त्या सकाळी आठवलं नाही, एवढंच.

फाउंड्रीवर गेलो. अकाउंटच्या टेबलावरचा जुना पीसी दिवसरात्र चालू. 11 तारखेला एका पार्टीने ड्रॉइंग पाठवलं होतं, 20 एमबीचं. अटॅचमेंट मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे झाले जवळपास 27. नेट हळू, आणि मेल उतरवणाऱ्या आउटलुकचा टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, एक मिनिटाची. मिनिटभरात 10 एमबी उतरायचे, जोडणी तुटायची, उतरलेलं वाया. दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला 144 वेळा, रोज दीडेक जीबी. सहा दिवस हे चाललं आणि कुणाला पत्ता नाही, कारण पडद्यावर कोपऱ्यात 'रिसीव्हिंग' एवढंच दिसायचं.

मालकांना समजावलं तर ते हसले. "म्हणजे भट्टी तापवायची, रस ओतायचा नाही, थंड झाली की परत तापवायची. लाइट बिल येणारच की!" माझ्यापेक्षा त्यांनीच नीट सांगितलं.

वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधून थेट सर्व्हरवरचा मेल, उघडला, तर तेच ड्रॉइंग तीनदा. अकाउंटवाले काका कसनुसे झाले. "मेल येईना म्हणून मीच त्यांना दोनदा परत पाठवायला सांगितलं." फाइल उतरवून घेतली, तिन्ही मेल पुसले, टाइमआउट दहा मिनिटांवर नेला. होस्टिंगवाल्याकडून महिनाअखेरपर्यंत 5 जीबी जादा घेतले. साडेबाराला साइट उघडली.

मालक मात्र ड्रॉइंगसोबतचा मजकूर वाचत होते. कोटेशनची शेवटची तारीख 15 होती. त्यांनी चष्मा काढला आणि पार्टीला फोन लावला.